तीनच्या आतलं मूल

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरायची धांदल उडाली होती. आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या ताईंच्या फोनवर ‘नारीशक्ती दूत’ काही केल्या उघडेना, म्हणून मी त्यांच्याबरोबर त्यांच्या वस्तीतल्या अंगणवाडीत गेले. दहा बाय बाराची खोली. मुलांच्या सतरंजीवर आधार कार्डांच्या झेरॉक्सचे गठ्ठे, आणि पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर भाताची पातेली पालथी घातलेली. अंगणवाडीच्या बाई दोन फोन घेऊन बसल्या होत्या. एकावर अर्ज चालू, दुसऱ्यावर ओटीपीची वाट. पात्र अर्जामागे ५० रुपये मिळणार होते. मुलांना खिचडी लवकर वाढून घरी धाडलं होतं.

ताईंची नऊ वर्षांची लेकही आली होती, धाकट्याला कडेवर घेऊन. तो वीसेक महिन्यांचा. तिच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं ते पोर, त्यामुळे ती एका अंगाला कलूनच उभी. शाळेचा दिवस होता. मी विचारलं, तर आईनेच उत्तर दिलं, “सासूबाई गावी गेल्यात ना ताई, याला कोण बघणार?” मी बाईंना म्हटलं, याला इथे नाही का ठेवता येत? बाईंनी फोनवरून मान वर न करता सांगितलं, “तीनच्या आतली आपण ठेवत नाही. त्यांना पाकीट.”

पाकीट म्हणजे टीएचआर, घरी न्यायचा शिधा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून तेवढंच मिळतं, बाकी वजन-उंचीची नोंद आणि लसीची आठवण. बसायला, खेळायला, झोपायला जागा मिळते ती तीन पूर्ण झाल्यावर, आणि तीही अर्ध्या दिवसापुरती.

तो अर्ज मंजूर झाला, महिन्याला दीड हजार येऊ लागले. या योजनेला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. कुणापुढे हात न पसरता खर्च करता येईल असा पैसा बाईच्या खात्यात येणं ही गोष्ट लहान नाही, आणि ज्यांच्या घरी ती कधी दुर्मीळ नव्हती त्यांनी तिला ‘रेवडी’ म्हणावं हे मला पटत नाही. माझी तक्रार निराळी आहे. मातांच्या, लेकींच्या, बाळांच्या नावाने आपल्याकडे जेवढ्या योजना निघाल्या, त्या सगळ्या मुलाच्या आयुष्यातल्या एका टप्प्याला वळसा घालून पुढे जातात. तो टप्पा सहा महिने ते तीन वर्षांचा. याच काळात पोराला चोवीस तास कुणीतरी लागतं, आणि हातावर पोट असलेल्या आईला याच काळात कामावर परतावं लागतं.

‘लेक लाडकी’चंच घ्या. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला एकूण १ लाख १ हजार रुपये मिळायचे आहेत. जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत गेल्यावर ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. जन्माच्या हप्त्यानंतर थेट पहिली! मधली सहा वर्षं एक रुपया नाही. चारातले जवळजवळ तीन हिस्से पैसे अठराव्या वर्षी. मुलीचं लग्न लवकर होऊ नये हा हेतू चांगलाच आहे. पण योजना आखताना डोळ्यांसमोर मुलगी होती ती नेसूचं पातळ सावरणारी, दुपट्यातली नव्हे.

मातृत्वाच्या पैशाचीही तीच तऱ्हा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपये देण्याचा शब्द दिला. कायद्याचा शब्द आहे ‘प्रत्येक’. त्यावर बेतलेली मातृवंदना योजना आली २०१७ मध्ये, आणि तिने पहिल्या बाळासाठी ५ हजार दिले. २०२२ पासून दुसऱ्या बाळासाठी ६ हजार मिळतात, पण ते बाळ मुलगी असेल तर. दुसरा मुलगा झाला तर आईला काही नाही. मुलींच्या जन्माचं स्वागत व्हावं म्हणून ही अट, हे समजतं. पण टाके मुलगा-मुलगी बघून भरत नाहीत.

नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. तेवढेच २६ आठवडे धरून मातृवंदनेच्या ५ हजारांना भागा. दिवसाला २७ रुपये येतात. इतक्यात कुठली बाई घरी बसणार? बरं, मूल वाढवायला वेळ लागतो हे सरकारला ठाऊक नाही असंही नाही. केंद्राच्या नोकरीतल्या आईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आपल्या राज्य सरकारनेही २०१८ मध्ये आपल्या कर्मचारी स्त्रियांना १८० दिवसांची दिली. स्वतःच्या घरापुरतं सरकारला सगळं कळतं.

इथे मला कोसबाड आठवतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांबरोबर ते काम वाढलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून ‘अंगणवाडी’ आली हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यांचा दुसरा प्रयोग मात्र फारसा सांगितला जात नाही. मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर भावंडं होती. मग भावंडासकट या, असं म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला त्या विकासवाडी म्हणत. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली पाटीवर. माझ्यासमोर कलून उभ्या राहिलेल्या त्या मुलीचं कोडं पालघरच्या आदिवासी पाड्यांत साठेक वर्षांपूर्वी सोडवून झालेलं होतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात सुरू झाली तेव्हा तिने अंगणवाडी हे नाव घेतलं. पाळणा मात्र मागेच राहिला.

पाळणाघराचे कायदे नाहीत असं नाही. कायदे चिक्कार आहेत. १९४८ चा कारखाना कायदा म्हणायचा, ३० हून जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं. यावर मालकाने काय केलं असेल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने निदान ही चूक सुधारली: ५० कर्मचारी, मग ते बाई असोत की पुरुष. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चाच आकडा आहे. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने ५० हून जास्त स्त्री मजूर असलेल्या साइटवर पाळणाघर सांगितलं. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदाही असंच सांगत होता.

आता सोलापूरला जा. विडी कारखान्यात वळली जातच नाही. पानं आणि तंबाखू घरी न्यायची, हजाराच्या हिशोबाने विड्या वळून कारखान्यात द्यायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि सुपाच्या कडेला हात घालणारं रांगतं पोर. कायद्यातलं पाळणाघर कारखान्याला जोडलेलं, आणि बाई बसलीय घराच्या उंबऱ्यात. बांधकामावर बायका पन्नास असतात, पण त्या पाच ठेकेदारांच्या दहा-दहा असतात. आमच्या ताई चार घरी पोळ्या करतात. त्यांच्या चारही मालकिणी मिळून आमच्याकडे कर्मचारी एकच, त्याच.

माझ्या मते आपल्या धोरणाचं मूळ दुखणं हेच आहे. पाळणाघराचा हक्क आपण आईच्या मालकाला चिकटवला, आणि आयांपैकी बहुतेकींना एक असा मालकच नसतो. हा हक्क मुलाचा असायला हवा, आणि तो मूल राहतं त्या वस्तीत मिळायला हवा, जसा लसीचा मिळतो. पोलिओचा डोस पाजताना, तुझी आई काम करते तिथे पन्नास माणसं आहेत का, असं कुणी विचारत नाही.

मालकांनी सुटावं असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडून पैसा घ्यावा, आणि पाळणाघर चालवायचं काम दुसऱ्याने करावं. बांधकामावर उपकर आहेच, तो कल्याणकारी मंडळात जमा होतो. त्यातून नोंदणीकृत मजुरांना गृहोपयोगी वस्तूंचे संच वाटले गेले, हे महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलं आहे. डबे, पातेली, कुकर कुणाला नको असतात? पण त्याच पैशातून साइटवर किंवा जवळच्या वस्तीत पाळणाघर चालवलं असतं, तर वाळूच्या ढिगावर झोपलेली पोरं दिसली नसती. हे जमतं याचा पुरावा मुंबईतच आहे. मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था १९७२ पासून बांधकामांवर पाळणाघरं चालवते आहे. काम संपलं की पाळणाघर उचलून पुढच्या साइटवर.

केंद्राची पाळणाघर योजनाही होती, राजीव गांधींच्या नावाची. २०१७ मध्ये खर्चाची वाटणी बदलली, राज्यांवर आणि संस्थांवर जादा भार आला, आणि देशभरची वीस हजारांहून जास्त पाळणाघरं दोन-तीन वर्षांत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. २०२२ मध्ये ‘पाळणा’ नावाने ती नव्याने आली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, १७ हजार ठिकाणी, दिवसाला साडेसात तास, एका ठिकाणी २५ मुलं. दिशा बरोबर आहे. पण देशात अंगणवाड्या आहेत चौदा लाखांच्या घरात, त्यामुळे १७ हजार हा आकडा चाखण्यापुरताच. शेजारच्या कर्नाटकाने केंद्राची वाट न पाहता २०२३ मध्ये ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचं घर, या नावाने ग्रामपंचायतींमध्ये चार हजार पाळणाघरं काढायचं ठरवलं. महाराष्ट्राला, ज्याच्या मातीत अंगणवाडी जन्मली, त्याला हे सुचू नये याचं मला नवल वाटतं.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. म्हणून मी एक कच्चा हिशोब केला. राज्यात अंगणवाड्या साधारण १ लाख १० हजार. प्रत्येकीत फक्त तीनच्या आतल्या मुलांसाठी दोन बायका नेमल्या आणि प्रत्येकीला महिना १५ हजार दिले, तर वर्षाला ४ हजार कोटींच्या आतबाहेर खर्च येतो. जेवण, साबण, दुरुस्ती, काही ठिकाणी खोलीचं भाडं धरून पाच-सहा हजार कोटी म्हणा. ‘लाडकी बहीण’साठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद होती. म्हणजे परवडत नाही हे उत्तर आता चालायचं नाही. शिवाय या खर्चातून दोन लाखांवर बायकांना त्यांच्याच वस्तीत पगार मिळेल, तो वेगळा.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो माझ्या एका मैत्रिणीनेच घेतला. पैसा आईच्या हातात द्या की, म्हणाली, ती ठरवेल पोराला कुठे ठेवायचं ते. सरकारी पाळणाघराच्या भानगडीत कशाला पडता? तर ताईंच्या वस्तीत काय मिळतं ते मी पाहून आले. तिथे एक आजी मुलं सांभाळते. महिन्याला दीड हजार घेते, म्हणजे ‘लाडकी बहीण’ची अख्खी रक्कम. एक खोली, नऊ मुलं, गॅसची शेगडी जमिनीवर, टीव्ही दिवसभर चालू. आजी प्रेमळ आहे, पण तिला एका डोळ्याने दिसत नाही. ताईंनी आठवडाभर पोराला तिच्याकडे ठेवलं आणि काढून घेतलं. पैसा हातात असला तरी बाजारात असेल तेच विकत मिळतं. माझा मुलगा लहान असताना आमच्या गल्लीत तीन पाळणाघरं होती. मी तिन्ही बघून त्यातल्या जोशीकाकूंचं निवडलं. ताईंना निवडायला होतं काय, तर आजी किंवा लेक.

‘आजी-आजोबा कशाला असतात?’ असं म्हणणारेही आहेत. आमच्या ताईंच्या सासूबाई बावन्न वर्षांच्या आहेत आणि एका सोसायटीत जिने झाडतात. सूनबाईंच्या पोरासाठी त्यांनी रोजगार सोडावा असं म्हणायला आपल्याला काय जातं?

मला स्वतःला धास्ती वाटते ती दर्जाची. वाईट पाळणाघर हे पाळणाघर नसण्यापेक्षाही वाईट असू शकतं. २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस हे ‘पाळणा’चं प्रमाण कुणी ठरवलं असेल त्याने दीड वर्षाची तीन मुलं एका सकाळी एकट्याने सांभाळून पाहावीत. एकाचे कपडे बदलेपर्यंत दुसरं बादलीत डोकावतं आणि तिसऱ्याने चप्पल तोंडात घातलेली असते. आठ-दहांमागे एक बाई हवीच. आणि जेवणाचं म्हणाल, तर मुलामागे दिवसाला ८ रुपये हा पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये ठरला. ८ रुपयांत आज अंडंसुद्धा येईल की नाही याची मला शंका आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. खुजेपणा बसतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे पाकिटाच्या वयात. ते पाकीट घरी गेलं की सगळ्यांत वाटलं जातं, नाहीतर चव आवडत नाही म्हणून म्हशीच्या आंबोणात जातं. पाळणाघरात दिवसातून तीन वेळा पोराच्या तोंडात घास जातो की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

हे सगळं आत्ताच्या सेविकांच्या डोक्यावर घालायचं असेल तर मात्र नकोच. त्या आधीच पोषण ट्रॅकर भरतात, सर्वेक्षणं करतात, निवडणुकीचं काम करतात, बहिणींचे अर्ज भरतात. केंद्राने आपल्या वाट्याचं त्यांचं मानधन २०१८ मध्ये ४,५०० रुपये केलं. ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितल्यावरही आपल्या राज्यातल्या सेविका डिसेंबर २०२३ पासून पन्नासेक दिवस संपावर होत्या. ‘मानधन’ हा शब्दच आधी काढून टाकावा असं मला वाटतं. मान दिला की धन कमी द्यायची सोय होते.

बापांबद्दल थोडं. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्यांना सांभाळण्याचं काम करताना आढळल्या, दिवसाला १४० मिनिटं. पुरुषांपैकी २१.४ टक्के, ७४ मिनिटं. केंद्राच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा आहे, खासगीतल्याला कायद्याने एका दिवसाचीही नाही. योजनांची नावंसुद्धा माता, बहीण, लेक अशीच. बाप नावाचा लाभार्थी अजून कुणाला सुचलेला नाही, त्यामुळे जबाबदारीही सुचत नाही.

वस्तीत पाळणाघर काढलं तरी एक वर्ग हातातून सुटतो, तो ऊसतोडीचा. बीडकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकापर्यंत जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. पहाटे फडात जाताना लहानग्याला बरोबर न्यायचं नाहीतर कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, थोरल्या बहिणीपाशी ठेवायचं. शाळकरी मुलांना गावी ठेवता यावं म्हणून वसतिगृहं निघाली, ते चांगलंच झालं, पण वसतिगृह अंगावर पिणाऱ्याला कसं घेणार? त्याचं नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत, पाकीट तिथे, आणि ते स्वतः शंभर कोसांवर उसाच्या पाचटावर. कारखान्यांकडून उसाच्या टनामागे ऊसतोड कामगार महामंडळासाठी १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. गाळप परवाना देताना कोप्यांच्या तळावर पाळणाघर आहे का, एवढं पाहून सही करायला काय हरकत आहे? वजनाचा काटा आणि साखरेचा उतारा जितक्या बारकाईने पाहतात, तितक्या बारकाईने नको, नुसतं पाहा.

ताईंच्या धाकट्याला आता तीन पूर्ण झाली. अंगणवाडीने त्याला घेतलं. साडेनऊला जातो, दीडला सुटतो. ताई शेवटच्या घरच्या पोळ्या आटपून अडीचला पोचतात. त्यामुळे थोरली मधल्या सुट्टीत शाळेतून निघते ती त्याला आणायला, आणि मग त्या दिवशी परत जात नाही.